परमुलखी गायिलेले स्तोत्र

आकाशवाणीचे प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी वाजणारी व्हायोलिनची धून आमच्या पिढीच्या कानांत जन्मभरासाठी बसली आहे. पहाटे वडीलधाऱ्यांनी नागपूर केंद्र लागावे म्हणून रेडिओची खुंटी फिरवावी, खरखरीतून तंबोऱ्याचा झंकार उमटावा आणि त्यावर शिवरंजनीच्या वळणाचे ते मोजके स्वर तरंगत यावेत, हा अनुभव यवतमाळपासून वसईपर्यंतच्या कितीतरी ख्रिस्ती घरांनी घेतला असेल. ती धून सामान्यतः वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. आपल्या प्रातःप्रार्थनेच्या अगोदर घराघरांत वाजणारे हे स्वर एका निर्वासिताचे होते, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाद येथे झाला. संगीताचे शिक्षण बर्लिनला आणि पुढील अध्ययन प्रागला झाले. प्रबंधाचे काम पुरे होत आले असता आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी विचारांच्या युवक संघटनेत पुढारीपण करतात असे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. १९३४ साली ते मुंबईस आले. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना ते संगीत अगदी अनाकलनीय वाटले होते. परंतु ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात त्यात काही नसेल असे कसे होईल, दोष आपल्याच कानांचा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमच्या मते ही केवळ विद्वत्ता नव्हे, ती विनम्रता होय. मुंबईत त्यांनी पाश्चात्त्य चेंबर संगीताची मंडळी उभी केली. त्यात मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. १९३७ पासून १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील पाश्चात्त्य संगीत विभाग कॉफमन यांच्याकडे होता. पुढे ते इंग्लंडला, तेथून कॅनडात आणि शेवटी अमेरिकेत गेले. आपल्या रागांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आणि १९८४ साली ते निवर्तले.

परंतु एक गोष्ट या बारा वर्षांत मुंबईने त्यांना दिली नाही, ती म्हणजे रंगभूमी. ‘अनसूया’ नावाची त्यांची संगीतिका १९३८ साली सादर झाली, तीही नभोवाणीवरून. वास्तविक ज्या शहरात हा मनुष्य राहत होता, त्या शहरात संगीत नाटकाची अर्धशतकाची परंपरा उभी होती. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले होते आणि त्याचे संगीतकार केशवराव भोळे हे आमच्या शेजारच्या अमरावतीचे. त्यांना पियानोचे वावडे नव्हते, पाश्चात्त्य वाद्यमेळाचे कुतूहल होते. कॉफमन आणि भोळे एकाच रस्त्याच्या दोन पदपथांवरून चालून गेले असे आम्हांला नेहमी वाटते. बोलपटाने त्याच सुमारास नाटकमंडळ्यांचा श्वास कोंडला होता, हे एक कारण. दुसरे कारण असे की आपल्या संगीत नाटकात गायक राजा आणि रचनाकार हा ‘चाली देणारा’ कारागीर. बाहेरून आलेल्या रचनाकाराने तेथे बसायचे कुठे? ज्यांचे कान दोन्हीकडचे होते, ते गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले आमचे कॅथलिक वादक, पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव या ओघात घेतल्यावाचून राहवत नाही. असो.

स्तोत्रसंहितेतील १३७ व्या स्तोत्रात बाबेलास नेलेले बंदिवान आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात आणि परमुलखात प्रभूचे गीत गावे तरी कसे, असे विचारतात. कॉफमन यांनी वीणा टांगून ठेवली नाही. परंतु रंगमंचावर ती वाजविण्याची संधी त्यांना आपल्याकडे लाभली नाही. ती संधी ज्याने परमुलखात झगडून मिळविली, त्या समकालीनाच्या अखेरच्या नाटकासंबंधी आम्हांला येथे लिहावयाचे आहे. त्याचे नाव कुर्ट वाइल आणि नाटकाचे नाव ‘लॉस्ट इन द स्टार्स’, म्हणजे ‘ताऱ्यांत हरवलेले’.

वाइल यांचे निम्मे काम आपल्याला ठाऊक आहे, पण ते ठाऊक असल्याचे आपल्याला ठाऊक नाही. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. त्याचे मूळ बर्टोल्ट ब्रेश्ट यांचे १९२८ सालचे नाटक आणि त्या नाटकाचे संगीत वाइल यांचे. मराठीत ब्रेश्ट आले, वाइल मात्र सीमेवरच राहिले. पु.लं.नी गण-गौळण, लावणी, नाट्यपद आणि नव्या धाटणीचे पाश्चात्त्य गाणे यांची धमाल मिसळण केली, नंदू भेंडे यांच्यासारखा पाश्चात्त्य वळणाचा गळा प्रमुख भूमिकेत आणला आणि मूळ चाली बाजूला ठेवल्या. काही समीक्षकांना तो वाइल यांच्यावरील अन्याय वाटेल. आम्हांला तो वाइल यांचाच मार्ग वाटतो, कारण त्यांनीही बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या, मद्यगृहांतल्या, नृत्यशाळांतल्या सुरावटींनीच ते नाटक बांधले होते. ज्या गावात खेळ, त्या गावचा सूर.

१९०० साली देसाऊ या जर्मन गावी जन्मलेल्या वाइल यांचे वडील तेथील सिनेगॉगमध्ये पुरोगायक होते. उपासनेत प्रार्थना आळवून म्हणणे आणि मंडळीला प्रतिसादात ओढून घेणे हे पुरोगायकाचे काम. हा मुलगा त्या स्वरांत वाढला, बर्लिनला बुसोनी यांच्यापाशी शिकला आणि तिशीच्या आत जर्मन रंगभूमीचा लाडका झाला. १९३३ च्या मार्चमध्ये त्यांना देश सोडून पॅरिसला पळावे लागले. १९३५ च्या सप्टेंबरात ते न्यूयॉर्कला उतरले, ते ‘इटर्नल रोड’ या बायबलवरील भव्य संगीतनाट्याच्या निमित्ताने. त्याचे शब्द फ्रान्झ वेर्फेल यांचे. हे तेच वेर्फेल, ज्यांनी पुढे नाझींपासून पळता पळता लूर्द येथे आश्रय घेतला आणि संत बर्नादेतवरील कादंबरी लिहिली. यहुदी असूनही आमच्या धन्य मातेच्या दर्शनाची कथा जगभर नेणारा हा लेखक वाचकांस परिचित असेल. ‘इटर्नल रोड’ १९३७ च्या जानेवारीत एकदाचे रंगभूमीवर आले. ते खर्चाने बुडाले, परंतु वाइल अमेरिकेतच राहिले.

नंतरच्या चौदा वर्षांत त्यांनी काय केले याची यादी देण्यात स्वारस्य नाही. ब्रॉडवे ही धंदेवाईक रंगभूमी. तिकीट खिडकीवर जे नाटक आठवडाभर तग धरीत नाही ते गाशा गुंडाळते. त्या बाजारात त्यांनी ‘लेडी इन द डार्क’ चालविले, ‘फायरब्रँड ऑफ फ्लॉरेन्स’ आपटून घेतले आणि १९४७ साली ‘स्ट्रीट सीन’ या नाटकाने जवळजवळ शुद्ध संगीतिका त्याच बाजारात उभी करून दाखविली. तेथील संगीतकार चाली करून देत आणि वाद्यमेळ दुसऱ्याकडून लिहवून घेत. वाइल यांनी तो शेवटपर्यंत स्वतः लिहिला. परक्या देशात उतरलेल्या माणसाने आपल्या हातचे एवढे एक काम कुणाला दिले नाही.

या काळाविषयी युरोपीय विद्वानांनी फार कडक भाषा वापरली आहे. त्यांचे म्हणणे, बर्लिनचा वाइल खरा, न्यूयॉर्कचा वाइल विकला गेला. आडोर्नो यांनी तर १९५० सालच्या मृत्युलेखातच त्यांना रूढ अर्थाने संगीतकार म्हणण्यास हरकत घेतली. आम्ही संगीतशास्त्री नाही. परंतु निर्वासिताने आपल्या जुन्या घराचाच सूर आळवीत बसावे, ही अपेक्षा ज्याचे घर शाबूत आहे तोच करू शकतो असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील एका प्रसिद्ध साप्ताहिकाने १९४७ साली वाइल यांना जर्मन संगीतकार म्हटले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ती ओळख नाकारली. नाझींनीही आपल्याला तसे मानले नव्हते याची आठवण द्यायला ते विसरले नाहीत. विनोदाच्या आवरणाखाली किती रक्त आहे ते पाहावे.

आता नाटकाकडे वळतो. अॅलन पेटन यांची दक्षिण आफ्रिकेवरील कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. सेमिनरीत असताना इंग्रजीच्या तासाला आम्ही ती वाचली आणि पुन्हा कापसाच्या या मुलखात येऊन वाचली. दोन्ही वाचनांत महदंतर पडले. एन्डोत्शेनी नावाच्या उजाड खोऱ्यातील झुलू धर्मगुरू स्टीफन कुमालो (तो अँग्लिकन पंथाचा असल्याने संसारी आहे, वाचकांनी बुचकळ्यात पडू नये) जोहान्सबर्गला गेलेल्या आणि पत्रे बंद झालेल्या आपल्या मुलाचा शोध घ्यायला निघतो. मुलाचे नाव अबशालोम. दावीद राजाचा बंडखोर पुत्र आणि त्याच्या मरणानंतरचा त्या बापाचा टाहो ज्याने शमुवेलाच्या ग्रंथात वाचला आहे त्याला पुढचे सांगायला नको. मुलगा सापडतो तो तुरुंगात. दोन साथीदारांसह एका घरात चोरीला शिरला असता घाबरून त्याने गोळी झाडली आणि मेला तो काळ्यांच्या न्यायासाठी झटणारा गोरा तरुण, कुमालोच्याच खोऱ्यातील जमीनदार जार्विस यांचा एकुलता एक मुलगा. साथीदार खोटे बोलतात आणि सुटतात. अबशालोम खरे बोलतो आणि त्याला फाशी होते.

मॅक्सवेल अँडरसन यांनी या कादंबरीचे नाट्यरूप केले, वाइल यांनी संगीत दिले आणि ३० ऑक्टोबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक रूबेन मामूलियन हे तिफ्लिसचे, म्हणजे तेही जन्मभूमीपासून दूर आलेले. कुमालोची भूमिका टॉड डंकन या थोर कृष्णवर्णीय गायकाने केली. एकूण २८१ प्रयोग झाले. मूळ संचाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे, १९७४ साली चित्रपटही निघाला. आमचे मत मुख्यतः ध्वनिमुद्रिकेवर बेतलेले आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

केवळ बारा वादक आणि एक समूह, एवढ्यावर हे संगीत उभे आहे. समूहाचा उपयोग आपल्या कानाला ताबडतोब ओळखीचा वाटतो. एक जण पुढे होऊन ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. भजनात, गोंधळात, तमाशात झीलकरी जे करतात तेच. जोहान्सबर्गच्या गाडीवरील समूहगीत त्या दृष्टीने ऐकावे. गावचे लोक एका तरुणाला निरोप देत आहेत. गोरा माणूस त्या शहरास जातो आणि परत येतो, काळा जातो आणि येत नाही, असा त्याचा आशय आहे. चाकांची लय वाद्यांत आहे, परंतु गळ्यांत लय नसून विलाप आहे. गाडी पुढे आणि आवाज मागे ओढीत आहेत असा भास होतो. या संगीतात आफ्रिकी लोकगीताची नक्कल करण्याचा मोह वाइल यांनी टाळला आहे. परक्या लोकांचे दुःख त्यांच्या वेशात मिरविण्यापेक्षा त्यांनी आपल्या वडिलांच्या सिनेगॉगमधली एक गोष्ट वापरली: एकाने हाक घालावी आणि मंडळीने ओ द्यावी. हा आमचा तर्क आहे. परंतु १९४६ साली न्यूयॉर्कच्या एका सिनेगॉगसाठी त्यांनी साबाथची प्रार्थना स्वरबद्ध करून ती वडिलांना अर्पण केली होती, १९४७ साली ते पॅलेस्टाइनला जाऊन वृद्ध आईवडिलांना भेटून आले होते आणि त्याच वर्षी त्यांचा एक भाऊ वारला होता. पुत्र गमावलेला बाप ही व्यक्तिरेखा त्यांना पुस्तकातूनच भेटली असे म्हणता येत नाही.

नाटकाचे शीर्षकगीत पहिल्या अंकाच्या शेवटी येते आणि आमचा खरा वाद त्याच्याशी आहे. मुलाने खून केल्याचे कळून चुकलेला कुमालो येथे गातो, की देवाच्या बोटांमधून एक लहानसा तारा निसटला, त्याने तो शोधून आणून पुन्हा सांभाळण्याचे वचन दिले, पण कधीकधी वाटते तो आपल्याला विसरून गेला आहे. चाल इतकी शांत, इतकी अंगाईसारखी की श्रोता भारावतो. पण हे गीत मुळात या नाटकाचे नव्हेच. दुसऱ्या एका अपुऱ्या राहिलेल्या नाटकासाठी दहा वर्षांपूर्वी ते रचलेले होते. हा सांधा आम्हांला जाणवतो. खेड्यातला म्हातारा धर्मगुरू दुःखाच्या पहिल्या घावाला असे सुबक रूपक बोलत नाही. पेटन यांनाही हे गीत आपल्या पात्राच्या तोंडी रुचले नव्हते. त्यांचा कुमालो देवाशी भांडतो, खचतो, मुका होतो, पण देवाला सोडत नाही. फाशीच्या पहाटे तो एकटा डोंगरावर जाऊन बसतो. अँडरसन यांचा कुमालो मंडळीसमोर उभा राहून आपली श्रद्धा हरवली असल्याचे सांगतो आणि पाळकाचे पद सोडतो. आम्ही येथे पेटन यांच्या बाजूचे आहोत, आणि ते केवळ आमचा पेशा तोच असल्यामुळे नव्हे. श्रद्धा जाणे ही नाट्यपूर्ण घटना क्वचितच असते. ती बहुधा वर्षानुवर्षे झिजते. एका प्रवेशात ती उतरवून ठेवता येते असे समजणे ही नाटककाराची सोय आहे.

याउलट शीर्षकगीताइतके प्रसिद्ध नसलेले कुमालोचे स्वगत ऐकावे. खटल्यापूर्वी तो स्वतःशीच बोलतो आहे. खोटे बोलून मुलगा वाचेल का, आणि बापाने त्याला तसे सांगावे का? येथे सुबक ध्रुपद नाही, परतून येणारी गोड ओळ नाही. स्वर चढतात, अडखळतात, आपल्या भाषेत देवाला हाक मारतात आणि उत्तर न मिळता थांबतात. बर्लिनमध्ये बुसोनींकडून शिकलेले सर्व काही आणि ब्रॉडवेवर कमावलेले सर्व काही या एका स्वगतात एकवटले आहे. न्यूयॉर्कचा वाइल विकला गेला म्हणणाऱ्यांनी हे ऐकून मग बोलावे.

कुमालो पद सोडतो त्या प्रवेशापाशी मात्र आम्ही दर वेळी थांबतो. नाटककाराला जे साधले नाही ते येथे संगीतकाराने साधले आहे. पाळक बोलून मोकळा होतो, मंडळी हतबुद्ध होते, आणि मग ती मंडळी एक भक्तिगीत गाते. अंधारातून एक पक्षी उजेड असलेल्या दारातून आत येतो, क्षणभर घरात दिसतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा अंधारात जातो, ही त्यातील प्रतिमा. ज्यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास वाचला आहे त्यांना हा पक्षी ओळखीचा वाटेल. सातव्या शतकात एडविन राजाच्या दरबारात ख्रिस्ती धर्म स्वीकारावा की नाही यावर खल झाला, तेव्हा एका सरदाराने माणसाचे आयुष्य हिवाळ्यात राजवाड्यातून उडून जाणाऱ्या चिमणीसारखे असल्याचा दाखला दिला. संत बीड यांनी तो नोंदवून ठेवला. त्या सरदाराचा मुद्दा असा, की चिमणी येते कोठून आणि जाते कोठे हे जर ही नवी शिकवण सांगत असेल तर ती ऐकावी. म्हणजे ही प्रतिमा मुळात श्रद्धेच्या उंबरठ्यावरची. अँडरसन यांनी ती श्रद्धा सोडण्याच्या प्रवेशात आणली. वाइल यांनी तिला साध्या चर्चगीताची चाल दिली, जी कोणत्याही गावच्या गायकवृंदाला पेलावी, आणि ती पाळकाच्या तोंडी न देता मंडळीच्या तोंडी दिली. पाळकाचे शब्द संपले, मंडळीचे गाणे संपले नाही. शब्द एक सांगतात आणि स्वर दुसरेच.

हे आम्हांला पुस्तकात कळले नसते. आमच्या जिल्ह्यात कर्ज आणि नापिकी यांनी कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने गेला अशी घरे थोडीथोडकी नाहीत. तशा एका घरी अंत्यविधीस आम्ही उभे होतो. प्रार्थनापुस्तक हातात होते, वाचन झाले, पुढे प्रवचनाचे चार शब्द बोलायचे होते. ते आले नाहीत. सेमिनरीतील आठ-दहा वर्षांचा अभ्यास त्या अंगणात निरुपयोगी ठरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग मागे बसलेल्या बायांपैकी एकीने जात्यावरच्या ओवीच्या सुरात येशूच्या आईविषयी काही म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्या तिच्या मागे म्हणू लागल्या. आमच्या स्तोत्रपुस्तकात ते नव्हते, पेटीवर बसणारेही नव्हते. विधी पूर्ण केला तो त्या बायांनी. त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही वाइल यांचे ते भक्तिगीत पुन्हा लावले.

त्यामुळे शेवटच्या प्रवेशाबाबत आमचे समाधान होत नाही, हेही सांगितले पाहिजे. फाशीच्या वेळी, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, जार्विस कुमालोच्या घरी येतो आणि दोन पुत्रहीन बाप एकत्र बसून घड्याळाचे ठोके ऐकतात. प्रेक्षकांच्या डोळ्यांना पाणी येते, आमच्याही आले. परंतु कादंबरीत या समेटाला माती लागलेली आहे. तेथे जार्विस मुलांसाठी दूध पाठवितो, खोऱ्यात शेतीतज्ज्ञ आणतो, धरणाची आखणी होते. रंगभूमीवर या गोष्टींना जागा उरली नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या वाचकाला हा फरक लहान वाटणार नाही. ज्या जमिनीने मुलगा शहरात ढकलला ती जमीन तशीच ठेवून केलेली गळाभेट कितीही सुरेल असली तरी अपुरी. दक्षिण आफ्रिकेत त्याच काळात, १९४८ च्या निवडणुकीनंतर, वर्णभेदाचे कायदे एकामागून एक रचले जाऊ लागले होते, याचे भान ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला कितपत होते कोण जाणे.

या नाटकानंतर वाइल फार जगले नाहीत. ‘हकलबेरी फिन’वरील नव्या संगीत नाटकाची पाचेक गाणी झाली होती, तोच हृदयविकाराने ३ एप्रिल १९५० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. तो आमच्या पवित्र सप्ताहातील सोमवार होता आणि त्यांच्या लोकांचा वल्हांडणही त्याच आठवड्यात चालू होता. न्यूयॉर्कजवळ हॅव्हरस्ट्रॉ येथे त्यांची कबर आहे. देसाऊच्या पुरोगायकाच्या मुलाच्या कबरीवर त्या पक्ष्याच्या गीताचे शब्द स्वरलेखनासह कोरलेले आहेत.

हे नाटक मराठीत यावे असे आम्हांला फार वाटते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला आदराचे स्थान देण्यास सांगितले, त्यालाही आता साठ वर्षे उलटली. आमच्या गायकवृंदांत अजून पेटी की गिटार एवढाच वाद चालतो. या जिल्ह्यातील कोलाम आणि गोंड बांधवांची दंडार, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने घडविलेला वऱ्हाडी कान, आमच्याच बायांच्या ओव्या, एवढे भांडवल असताना कुमालोची कथा उभी करायला बारा वादकही लागणार नाहीत. पु.लं.च्या पद्धतीने मूळ चाली बाजूला ठेवायला आमची हरकत नाही, कारण मूळ संगीतकाराचीही ती नसती. फक्त पक्ष्याचे भक्तिगीत वाइल यांचेच ठेवावे. ते एवढे साधे आहे की आमचा कुठलाही गायकवृंद दोन रविवारांत बसवील. शेवटच्या प्रवेशात जार्विसच्या हातून धरणाचा नकाशा टेबलावर आणावा, पेटन यांची तक्रार नसावी. जोहान्सबर्गच्या गाडीचे गाणे मात्र नव्याने बांधावे लागेल. आमची कापसाची शकुंतला आता धावत नाही. मुले रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात आणि त्यांना पोहोचवायला आलेले बाप स्टँडबाहेर बराच वेळ उभे असतात.